कार्डाची मागची बाजू

नवऱ्याला स्टुटगार्टला नोकरी लागली, तेव्हा कंपनीने त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमची क्रांकनकासे कोणती?" क्रांकनकासे म्हणजे आरोग्यविमा देणारी संस्था. जर्मनीत अशा बऱ्याच आहेत, त्यातली आपण निवडायची. मूळ हप्ता मात्र सगळ्यांचा सारखाच, पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक संस्थेचा थोडा वेगळा जादा हप्ता असतो. दोन्हींतला अर्धा वाटा कंपनी भरते. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खासगी विमाही घेता येतो, आणि तरुण माणसाला तो सुरुवातीला स्वस्त पडतो. आम्ही सार्वजनिकच घेतला. कारण एकच: कमाई नसलेली बायको आणि मुलं त्यात वेगळा हप्ता न भरता येतात. खासगीत माणशी हप्ता.

तीन महिन्यांनी मी आणि आमची चार वर्षांची लेक तिथे पोचलो. कुटुंबाला विम्यात घेण्याचा फॉर्म चार पानी, सगळा जर्मनमध्ये. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे, आणि आडनाव वेगळं असेल तर लग्नाचा दाखला जोडा, असं फॉर्ममध्ये लिहिलं होतं. महापालिकेचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत होता, तो चालला. लेकीचा जन्मदाखलाही तसाच. नावाचा घोळ मात्र झालाच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हे तिथल्या फॉर्मच्या चौकटीत बसेना. दोनदा पत्रं आली, दोनदा पासपोर्टची प्रत पाठवली. तुमच्या कागदांवर नावं वेगवेगळी लिहिलेली असतील तर निघण्याआधीच ती एकसारखी करून घ्या, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

माझं कार्ड आलं, लेकीचं यायचं होतं. तेवढ्यात स्ट्रासबर्गला दोन दिवस जायचं ठरलं. सीमेपलीकडचं फ्रान्समधलं शहर, गाडीने फार लांब नाही. कार्ड उलटं करून पाहिलं तर मागे निळ्या चौकोनात बारा तारे. हेच युरोपियन आरोग्यविमा कार्ड, युरोपातल्या दुसऱ्या देशात फिरताना आजारी पडलं तर दाखवायचं. वेगळा अर्ज नको, वेगळे पैसे नकोत. मला वाटलं, नवऱ्याच्या कार्डावर लेकीचंही भागेल. सहज म्हणून फोन केला आणि कळलं की प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. कार्ड हातात नसेल तर त्याऐवजी एक तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी ते पाठवलं, मी छापून पर्समध्ये ठेवलं.

आणि त्याच रात्री लेकीचा कान ठणकायला लागला. अनोळखी गाव, भाषा येत नाही, आणि पोर कानावर हात धरून रडतंय. रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी हॉटेलमधल्या मुलीने सरकारी योजनेत असलेले डॉक्टर शोधून दिले. हे महत्त्वाचं आहे, कारण कार्ड पूर्ण खासगी उपचारांना चालत नाही. फ्रान्समध्ये पैसे आधी आपण भरायचे असतात. डॉक्टरांनी फी घेतली आणि उपचारांची नोंद असलेला एक छापील कागद दिला, त्यावर सही केली. तो कागद आणि औषधाच्या दुकानाची पावती घरी आल्यावर क्रांकनकासेला पाठवली. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले, थोडे कमी. तिथल्या माणसालाही फीचा काही भाग स्वतः सोसावा लागतो आणि कार्ड त्याच अटींवर चालतं. मला त्यात अन्याय वाटला नाही. अनोळखी देशात माझ्या लेकीला तिथल्या मुलासारखंच वागवलं गेलं, ह्याचं मोल मला फार वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आले. त्यांना आमच्या विम्यात घेता येत नाही, आई-वडील कुटुंबाच्या व्याख्येत बसतच नाहीत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारी पॉलिसी लागते, ती भारतातूनच काढली. बाबांना रक्तदाब आहे. जुना आजार बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, म्हणून पॉलिसीतला तो भाग मी दोनदा वाचला आणि त्यांना पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला लावल्या.

आईला ऱ्हाईनचा धबधबा पाहायचा होता, स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनजवळचा. स्ट्रासबर्गच्या अनुभवामुळे आधी फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "स्वित्झर्लंडमध्ये हे कार्ड चालतं. पण तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा?" भारतीय म्हटल्यावर त्या थांबल्या, आणि मग शांतपणे समजावून सांगितलं. युरोपीय संघाबाहेरचे नागरिक संघात कायदेशीर राहत असतील तर त्यांनाही हे कार्ड मिळतं. पण डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड या पाच देशांत ते त्यांना वापरता येत नाही. हप्ता तोच, कार्ड तेच, तारे तेच. शेजारच्या जर्मन बाईचं चालणार, माझं नाही. हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. ना कंपनीने, ना कार्डासोबत आलेल्या पत्राने. मला राग आला, आजही येतो. इतकी वर्षं इथे राहणाऱ्या किती मराठी घरांना हे ठाऊक असेल?

आई-बाबांची पॉलिसी मात्र सगळ्या शेंगेन देशांत चालत होती, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. म्हणजे महिन्याभरासाठी आलेले पाहुणे सुरक्षित आणि हप्ते भरणारे आम्ही तिघं उघडे. त्याच संध्याकाळी आम्ही परदेश प्रवासाचा वार्षिक आरोग्यविमा काढला. तो फार महाग नसतो, आणि आजारी माणसाला घरी परत आणण्याचा खर्चही त्यात येतो. तारे असलेलं कार्ड तो खर्च कुठेच देत नाही.

शनिवारी सकाळी डबे भरून निघालो. पाच जणांचे पासपोर्ट, दोन पॉलिसींच्या प्रती आणि बाबांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती. आईने तो सबंध प्रवास मांडीवर धरून ठेवला.