लीड्सचे तेरा गडी: सहावा उभा राहिला

परवा रात्री एकदाचा रॉब बरोचा छोटा पुतळा पायावर उभा राहिला. तेरापैकी सहा झाले. गणपतीपर्यंत निम्मे उरकायचे ठरवले होते, ते बहुधा बारगळणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: लीड्सच्या रग्बी लीग क्लबचे आजवरचे माझ्या मते सर्वोत्तम तेरा खेळाडूंचे छोटे पुतळे मी १:३२ मापात (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाने) बनवून रंगवतोय. लीगमध्ये एका बाजूला तेराच असतात, रग्बी युनियन या दुसऱ्या प्रकारासारखे पंधरा नाहीत. लीड्सच का, तर शिकायला दोन वर्षं तिथे होतो. हेडिंग्लीला गेलो होतो खरा क्रिकेट बघायला. वेंगसरकरांनी १९८६ मध्ये ६१ आणि नाबाद १०२ केले ते हेच मैदान, आणि १९९२ मध्ये सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला तोही इथेच. पण मधल्या स्टँडला दोन तोंडं आहेत. एका तोंडाला क्रिकेट, दुसऱ्या तोंडाला रग्बी. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो तो तिथलाच झालो.

आता कामाचं. बाजारात मिळणारा पुतळा ५४ मिमीचा, म्हणजे साधारण पावणेसहा फुटांच्या आतला माणूस. पहिले चार गडी मी त्याच साच्यावर बिनदिक्कत उरकले. एरिक हॅरिस, १९३५-३६ च्या एका मोसमात ६३ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपार जमिनीला टेकवणं) करणारा ऑस्ट्रेलियन विंगर, म्हणजे कडेने धावणारा गडी, त्याला कॉलरवाला सदरा आणि घोट्यावर येणारे बूट दिले की झालं. लुईस जोन्सचं काम तर त्याहून सोपं. (१९५६-५७ मध्ये ३६ ट्राय आणि १९४ गोल (किकने खांबांमधून आडव्या दांडीवरून मारलेले), एकूण ४९६ गुण. ट्रायला तेव्हा तीनच गुण मिळायचे, हे धरून बघा.)

गाडी अडली पाचव्याला. जेमी पीकॉक १९६ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या मापात ६१ मिमी. आणि बरो १६५, म्हणजे जेमतेम साडेएक्कावन्न. सचिनएवढाच की! दोघांत जवळजवळ दहा मिलिमीटरचा फरक, आणि फळीवर शेजारी ठेवल्यावर तोच दिसला नाही तर बरो केलाच कशाला?

पीकॉकला मांडीत आणि कमरेत पितळी तार घालून ताणला, फटी एम-सीलने भरल्या. बरोच्या वेळी मात्र हात पोळले. पोटरीतून सरळ अडीच मिमी कापले, तर तो खेळाडू न दिसता शाळेतला पोरगा दिसायला लागला. दुसरा पुतळा घेतला. या वेळी मांडीतून एक, धडातून एक आणि मानेतून अर्धा मिमी काढला, मग मांड्या पुटीने उलट जाड केल्या. लहान चणीचा, पण दणकट. दिवाळीच्या किल्ल्यावर लहानपणी मावळे रंगवायचो तेव्हा सगळे एकाच उंचीचे, त्यामुळे ही अक्कल आलीच नव्हती.

पवित्रा २०११ च्या ग्रँड फायनलमधला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातला घेतलाय, सेंट हेलेन्सविरुद्ध. बरो बेंचवरून आला, मैदानाच्या मध्याजवळ चेंडू उचलला आणि पकडायला आलेल्यांच्या हाताखालून वाकून निसटला. पुढे फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागच्या गड्याला, हुलकावणी देऊन थेट रेषेपार. आपल्या कबड्डीतली चढाईच ती, फक्त परत यायचं नसतं. लीड्स ३२-१६ ने जिंकलं आणि सामनावीर एकमताने बरो. वाकून धावणारा माणूस आणखीच बुटका दिसतो, म्हणून टाच उचलून पुढच्या पायाखाली गवताचा उंचवटा दिला. ही चलाखी आहे, मान्य.

रंगात एक धडा: निळ्यावर अंबर पट्टी थेट मारू नका, चार हात दिले तरी हिरवट मारते. आधी पांढरा, मग अंबर. आणि पाठीवरच्या ७ या आकड्याला दीड तास गेला.

पुढचा केव्हिन सिनफिल्ड. क्लबसाठी सर्वाधिक गुण त्याचे, आणि सात ग्रँड फायनल त्याच्या कप्तानीत जिंकल्या. मित्र म्हणतो, मे २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने आजारी बरोला खुर्चीतून उचलून अंतिम रेषा ओलांडली, तेच दृश्य कर. बरोला डिसेंबर २०१९ मध्ये मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं कळलं आणि २ जून २०२४ ला तो गेला. ते दृश्य माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण माझ्या फळीवर बरो धावतोच आहे, त्याला मी खाली बसवणार नाही. सिनफिल्ड गोलला किक मारताना करतोय. दोघांना शेजारी ठेवीन, तेवढं पुरे.

एक मदत हवी. पुण्यातल्या या पावसाळी हवेत मॅट वार्निश फवारलं की दुधासारखी साय धरते. पीकॉकचा डावा खांदा त्यात गेला, पुन्हा रंगवावा लागला. ब्रशने लावता का तुम्ही, की सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबता?