तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वचषकात सर्वाधिक गोल कुणाचे?

पुण्यात मी शालेय आणि क्लबच्या फुटबॉल सामन्यांची पत्रकं लिहिते. गोल कुठल्या मिनिटाला झाला, कुणी केला, पिवळं कार्ड कुणाला मिळालं, बदली खेळाडू कधी उतरला, सगळं त्या एका कागदावर येतं. त्यामुळे शिवाजीनगरचं एसएसपीएमएस मैदान असो की बालेवाडी, टेबलाशी येणारे पालक हमखास विचारतात, "मॅडम, वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे हो?" मुलं तर दोनच पर्याय ठेवतात. "ताई, मेस्सी की रोनाल्डो?"

दोघांचेही नाहीत. सर्वाधिक गोल ब्राझीलच्या मार्टाचे आहेत, १७. पुरुषांच्या स्पर्धेत जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोस पहिला, १६. त्याच्यामागे ब्राझीलचा रोनाल्डो १५, जर्मनीचा गेर्ड म्युलर १४, मग फ्रान्सचा जस्ट फॉन्टेन आणि मेस्सी प्रत्येकी १३. पोर्तुगालचा रोनाल्डो, ज्याचं नाव पाठीवर घेऊन एवढी मुलं सरावाला येतात, तो ८ वर आहे. पुरुषांचे हे आकडे २०२२ च्या कतारपर्यंतचे आणि महिलांचे २०२३ पर्यंतचे.

पण एवढ्यावर मी कुणाला जाऊ देत नाही. गोलांच्या आकड्याशेजारी सामन्यांचा आकडा लिहिल्याशिवाय ही यादी वाचूच नये, असं माझं ठाम मत आहे. गोल करायला आधी सामना मिळावा लागतो. तो कुणाला मिळाला, किती मिळाले आणि कुणाला मिळालेच नाहीत, यावर अर्धीअधिक यादी ठरलेली आहे.

मार्टाचंच बघा. तिचं नाव घेतलं की पुष्कळ जण म्हणतात, "ते नाही हो, खरा वर्ल्ड कप." मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानंच बंदी होती. महिलांचा पहिला विश्वचषक थेट १९९१ मध्ये चीनमध्ये झाला, तोही १२ संघांचा, आणि सामने ९० नव्हे तर ८० मिनिटांचे! अमेरिकेच्या मिशेल एकर्सनं त्या छोट्या सामन्यांमध्ये १० गोल केले. मार्टाचा जन्म १९८६ चा. २००३ मध्ये सतराव्या वर्षी ती पहिल्यांदा विश्वचषकात उतरली तेव्हा स्पर्धा १६ संघांची होती, म्हणजे थेट अंतिम फेरी गाठली तरी सहाच सामने. २००७ मध्ये तिनं ७ गोल केले. त्यातले दोन उपांत्य सामन्यात, अमेरिकेविरुद्ध, आणि ब्राझील ४-० नं जिंकलं. अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध तिची पेनल्टी मात्र अडवली गेली आणि चषक हुकला. तो तिला कधीच मिळाला नाही. सतरावा गोल २०१९ मध्ये इटलीविरुद्ध आला, पेनल्टीवर, आणि त्या गोलानं तिनं क्लोसला मागे टाकलं. पाच वेगवेगळ्या विश्वचषकांत तिचे गोल आहेत. म्हणून "कुणाचे?" या प्रश्नाला मी आधी तिचं नाव सांगते, आणि पुरुषांचा आकडा हवा असेल तर तसं विचारावं लागतं.

आता क्लोस. त्याच्याबद्दल मुलांची तक्रार ठरलेली असते: "ताई, त्याचे सगळे टॅप-इन," म्हणजे गोलच्या तोंडाशी उभं राहून नुसते आत ढकललेले. त्याचे सगळे गोल पेनल्टी बॉक्सच्या आतले आहेत हे खरं. पण त्या सोळांत एकही पेनल्टी नाही, हे कुणी सांगत नाही. २००२ चे पाचही गोल त्यानं डोक्यानं मारले. त्यातले तीन सौदी अरेबियाविरुद्ध, जर्मनीनं ८-० नं जिंकलेल्या सामन्यात. त्यावरून त्याला दुबळ्या संघांचा कर्दनकाळ म्हणणाऱ्यांना मी पुढची पानं दाखवते. २००६ मध्ये उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध बरोबरीचा गोल. २०१० मध्ये इंग्लंडविरुद्ध एक, पुन्हा अर्जेंटिनाविरुद्ध दोन. २०१४ मध्ये घानाविरुद्ध बदली म्हणून उतरल्यावर दोन मिनिटांत गोल करून रोनाल्डोच्या १५ शी बरोबरी. आणि ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोंतेमध्ये, खुद्द ब्राझीलविरुद्ध, सोळावा. पहिला फटका गोलरक्षकानं अडवला, चेंडू परत त्याच्याच पायाशी आला, त्यानं तो आत ढकलला. जर्मनीनं तो सामना ७-१ नं जिंकला. ज्याचा विक्रम मोडला तो रोनाल्डो त्याच मैदानावर समालोचन करत होता.

परत आलेल्या चेंडूला नशीब म्हणणारे पुष्कळ भेटतात. सामन्याच्या टेबलावर बसून मी एवढं नक्की शिकले आहे की तो चेंडू रोज त्याच माणसाकडे येत नसतो. तो माणूस रोज तिथे जाऊन उभा राहतो.

तरीही क्लोसच्या १६ शेजारी मी २४ लिहिते. एवढे सामने त्याला मिळाले, कारण त्याच्या चारही स्पर्धांत जर्मनीनं किमान उपांत्य फेरी गाठली: एकदा उपविजेते, दोनदा तिसरे, शेवटी विजेते. संघ साखळीतच बाद झाला की आघाडीपटूचं खातं तिथेच बंद. रशियाच्या ओलेग सालेन्कोनं १९९४ मध्ये कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल केले. विश्वचषकात एका सामन्यात इतके गोल दुसऱ्या कुठल्याही पुरुष खेळाडूच्या नावावर नाहीत. पण रशिया साखळीतच बाहेर पडला आणि सालेन्को नंतर विश्वचषकात कधीच दिसला नाही.

म्युलरचे १४ गोल फक्त १३ सामन्यांतले. १९७० मध्ये १०, १९७४ मध्ये ४, आणि त्यातला शेवटचा म्हणजे अंतिम सामन्यात नेदरलँड्सला हरवणारा गोल. त्यानंतर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं राष्ट्रीय संघ सोडला. अजून एक स्पर्धा खेळला असता तर, हा हिशोब मी कागदावर कधी मांडत नाही, पण मनात होतोच.

आणि फॉन्टेन. १३ गोल, ६ सामने, एकच स्पर्धा, १९५८ चं स्वीडन. मराकेशमध्ये जन्मलेला हा मुलगा फ्रान्सच्या संघात मुळात पहिल्या पसंतीचा नव्हता. रेने ब्लियार्ड जखमी झाला म्हणून त्याला जागा मिळाली. स्वतःचे बूट फाटले म्हणून स्तेफान ब्रुए या राखीव खेळाडूचे बूट घालून तो खेळला. पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन, उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध चार. एकही सामना कोरडा नाही. पुढे पाय दोनदा मोडला आणि १९६२ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याचा खेळ थांबला. २०२२ मध्ये फ्रान्सच्याच म्बापेनं ७ सामन्यांत ८ गोल केले तर जग थक्क झालं. त्यावरून १३ ची उंची लक्षात येते.

फॉन्टेनच्या आधी, १९५४ मध्ये, हंगेरीच्या सँडोर कोचिशनं पाच सामन्यांत ११ गोल केले होते, तेही अंतिम सामना कोरडा जाऊन. हंगेरी तो सामना पश्चिम जर्मनीकडून ३-२ नं हरली. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, बुडापेस्टमध्ये उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे शिरले. कोचिश मायदेशी परतला नाही. विश्वचषकात तो पुन्हा खेळला नाही.

इथून गोष्ट आपल्याकडे वळते, आणि हे ऐकून पालक टेबलाशी थांबतात. त्याच उलथापालथीत हंगेरीनं मेलबर्न ऑलिंपिकच्या फुटबॉलमधून माघार घेतली. पहिल्या फेरीत त्यांची गाठ भारताशी होती. भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध आधी गोल भारताचा होता, तोही नेव्हिलचाच. मग आपण ४-१ नं हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो. नेव्हिलचे एकूण गोल ४, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत संयुक्त पहिला. म्हणजे जागतिक स्पर्धेच्या गोलांच्या यादीत सर्वात वर एक भारतीय नाव आहे, आणि ते आपल्या मुलांना ठाऊक नसतं. १९५० च्या विश्वचषकात भारताला जागा होती, संघ ब्राझीलला गेलाच नाही. तो गेला असता तर पुढची पिढी कुठल्या सामन्यांत खेळली असती, याचा विचार मी नेव्हिलचं नाव घेताना दरवेळी करते.

इतर खंडांचंही विचारतात, ते थोडक्यात सांगते. युरो स्पर्धेत पोर्तुगालचा रोनाल्डो १४, पण एका युरोत सर्वाधिक गोल फ्रान्सच्या प्लातिनीचे, १९८४ मध्ये पाच सामन्यांत ९. आफ्रिकेत सॅम्युएल एटो १८. आशिया चषकात इराणचा अली दाई १४. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाचा नोर्बेर्तो मेंडेस आणि ब्राझीलचा झिझिन्यो प्रत्येकी १७. मेंडेसनं आपले गोल १९४५, ४६ आणि ४७ या सलग तीन वर्षांत केले, कारण तेव्हा ती स्पर्धा वर्षावर्षाला होत होती. आपला सुनील छेत्री आशिया चषकात ४ वर आहे: २०११ मध्ये दोन, २०१९ मध्ये थायलंडविरुद्ध एकाच सामन्यात दोन. त्याच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत भारत या स्पर्धेला तीनदाच पात्र ठरला. चार हा आकडा वाचताना हे विसरायचं नाही.

पत्रक लिहिणारी म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते: शूटआउटमधले, म्हणजे बरोबरी सोडवायला सामन्यानंतर मारतात त्या पेनल्टींचे, गोल कुणाच्याच खात्यात जात नाहीत. २०२२ च्या अंतिम सामन्यात म्बापेनं चार वेळा जाळं हलवलं, मोजले गेले तीन. सामन्यातली पेनल्टी मात्र मोजली जाते. मेस्सीच्या कतारमधल्या सात गोलांत चार पेनल्टी आहेत. आणि कागद चुकला की माणसाचं काय होतं ते अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडला विचारायला हवं होतं. १७ जुलै १९३० ला पॅराग्वेविरुद्ध त्यानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक केली. पण त्यातल्या एका गोलाच्या नोंदीत घोळ होता, आणि पहिल्या हॅटट्रिकचा मान अर्जेंटिनाच्या स्ताबिलेकडे गेला. फिफानं ती नोंद २००६ मध्ये दुरुस्त केली. तोवर पॅटनॉड जिवंत नव्हता. चेंडू कुणाच्या पायाला लागून गेला हे रेफ्रींना पुन्हा विचारल्याशिवाय मी सही करत नाही, ते याचसाठी.

बालेवाडीच्या मैदानाचंही या यादीशी नातं आहे. २०२२ चा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. ऑस्ट्रेलियाच्या सॅम करनं मुंबईत इंडोनेशियाविरुद्ध पाच गोल केले आणि देशासाठी सर्वाधिक गोलांचा टिम केहिलचा विक्रम मोडला. स्पर्धेत तिचे ७ गोल झाले, सर्वांत जास्त. पण उपांत्यपूर्व सामना बालेवाडीत होता, दक्षिण कोरियाशी. तिथे तिला गोल मिळाला नाही, शेवटच्या काही मिनिटांत कोरियाच्या जी सो-युननं लांबून मारलेला चेंडू आत गेला आणि ऑस्ट्रेलिया घरी गेली. आपल्या मुलींचं तर त्याहून वाईट झालं. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर संघात कोविडची लागण झाली, पुढच्या सामन्याला नियमानं लागणाऱ्या किमान तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान असून भारत स्पर्धेबाहेर गेला. मायदेशातली स्पर्धा, आणि पदरात पडला एक सामना.

"मग तुमचा आवडता कोण?" हेही शेवटी विचारलं जातं. फॉन्टेन. तेरा गोलांसाठी आहेच, पण स्वीडनमधल्या त्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यासाठी जास्त. त्या दिवशी फ्रान्सला पेनल्टी मिळाली तेव्हा फॉन्टेनचे सामन्यात अजून तीन गोल व्हायचे होते. ती पेनल्टी त्याचा सहकारी रेमंड कोपानं घेतली आणि गोल केला.