नागपुरात केशर: फूल सोपं, कंद अवघड

काश्मीरच्या पांपोरला केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं. नागपुरात तेव्हा दुपारी अजून घाम निघतो. म्हणून बंद खोली आणि एसी आलाच. 8 ग्रॅमपेक्षा हलके कंद घेऊ नका, बहुधा नुसती पानंच देतात. ट्रेमध्ये टोक वर करून, माती-पाण्याविना मांडा. कळी धरायला 23 ते 27 अंश, कोंब वाढले की 15 ते 17. थंडी घाईने दिली की कळी धरतच नाही. हवा दमट हवी, कंद ओला नको. बुडाशी मऊ लागला तर कूज समजा, लगेच बाहेर काढा.

1 ग्रॅम सुक्या केशराला साधारण 150 फुलं लागतात! खरी मेख पुढेच: फुलं खुडून कंद मातीत लावायचे, पिल्लं, म्हणजे त्यांना फुटणारे नवे छोटे कंद, पोसायची. आपली थंडी तेवढ्यापुरती कामाची, पण फेब्रुवारी तापला की पानं लवकर वाळतात, पिल्लं बारीक राहतात आणि पुढच्या वर्षी ट्रे रिकामे.