मोहन कशाचं होतं?

गेल्या सप्टेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट आहे. सगळी मिळून पंधरा मिनिटांची, पण अजून डोक्यातून जात नाही.

मी कॅनडात, ओंटारियोमधल्या वॉटरलूजवळ, सेंट जेकब्सच्या शेतकरी बाजारात लोकांना फिरवते. दोन तास, सात दुकानं, प्रत्येक ठिकाणी एखादा घास आणि त्यामागची माहिती. हा बाजार 1975 साली सुरू झाला. गुरुवारी आणि शनिवारी बारा महिने भरतो, उन्हाळ्यात मंगळवारीही. 2013 च्या सप्टेंबरात मुख्य इमारत जळून खाक झाली, तरी बाजार भरायचा थांबला नाही. 2015 मध्ये नवी इमारत उभी राहिली. आपल्याकडच्या आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. फक्त बैलगाडीच्या जागी काळी घोडागाडी, आणि ती बांधायला वेगळी शेड.

ज्या घोडागाड्या बघायला लोक येतात त्या जुन्या वळणाच्या मेनोनाइटांच्या. मेनो सायमन्स हा सोळाव्या शतकातला डच धर्मगुरू. त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा पंथ. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून घ्यायचा, शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही. शपथ का नाही, तर मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंय की तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असावं. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ निघतो. हे मी प्रत्येक गटाला सांगते, त्या दिवशीही सांगितलं होतं. म्हणून जास्त लागतं.

ही मंडळी 1800 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून ग्रँड नदीच्या काठी आली आणि 1805 मध्ये त्यांनी 60,000 एकरांचा एक मोठा पट्टा विकत घेतला. हा पट्टा 1784 साली सहा राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकांना दिलेल्या जमिनीतलाच. आमच्या धंद्यातले पुष्कळ गाइड हे वाक्य गाळतात, कारण त्यानंतर लोकांना सफरचंदाचा पाय, म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, तितकासा गोड लागत नाही म्हणे. मी गाळत नाही. 'हे लोक दोनशे वर्षं मागे राहतात' असंही म्हणत नाही. कुठली वस्तू घरात घ्यायची आणि कुठली नाही, हे ते आपसात बसून ठरवतात. त्यांच्यातलाच एक गट मोटार चालवतो, पण काळ्या रंगाची. एवढा विचार करून आपण साधा फोन तरी घेतो का? आणि एवढं सांगूनही कोणीतरी टोपी घातलेल्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरतंच.

त्या शनिवारी नऊ जण होते. वॉटरलूतच नोकरी करणारा एक मराठी मुलगा, त्याची बायको, आणि रायपूरहून आलेली त्याची आई. काकूंचं वय सत्तरीच्या पुढचं, साडीवर स्वेटर, पायात मुलाचे मोजे. फॉर्मवर लिहिलं होतं, 'एक जण पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही'. घोड्यांच्या शेडपाशी मी मेनोनाइट हा शब्द उच्चारला आणि काकू एकदम थांबल्या.

"अगं, म्हणजे आमच्या धमतरीचे मेनोनाइट?"

मला आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वडील धमतरीला भाताच्या गिरणीत हिशेबनीस होते आणि काकूंचा जन्म तिथल्या मिशनच्या दवाखान्यातला. अमेरिकी मेनोनाइट 1899 साली, छत्तीसगडातल्या दुष्काळाच्या दिवसांत धमतरीला आले, हे मी वाचलेलं होतं. पण त्या दवाखान्यात जन्मलेलं माणूस माझ्यासमोर, इथल्या घोडागाड्यांपाशी उभं राहील असं कधी वाटलं नव्हतं. काकूंनी शेडच्या लाकडी खांबाला हात लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दाईचं माहेर बघायला आले की मी." तिथून पुढे मी अर्धी टूर मराठीतच केली. बाकीच्या सहा जणांवर अन्याय झाला, ते मला मान्य आहे.

शाकाहारी पाहुणा असला की माझं काम दुप्पट होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. इथलं जुनं खाणं डुकरावर उभं आहे. धुरावलेलं आंबूस समर सॉसेज तर सोडाच, पण जे वरून निरुपद्रवी दिसतं तेही तपासावं लागतं. मेपल सिरपच घ्या. मार्चमध्ये रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब असली की झाडातून रस वाहतो. 40 लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती लागतं. आटवताना कढईत फेस येतो आणि दुधासारखा उतू जायला बघतो. तो बसवायला पूर्वी कढईवर चरबीचा तुकडा टांगत. फेस वर येऊन त्याला टेकला की खाली बसतो. आता बरेच जण लोणी, तेल किंवा तयार पदार्थाचे थेंब टाकतात. म्हणून मी प्रत्येक सिरपवाल्याला विचारून ठेवलंय, फेस कशाने मोडता? हा प्रश्न विचारणारा दुसरा गाइड मला तरी माहीत नाही.

कुक्ड चीजचंही तसंच. साय काढलेलं दूध विरजायचं, गरम करून पाणी निथळायचं, चक्क्याहून कोरडा चुरा उरतो. तो उबेला ठेवून द्यायचा. दोन-चार दिवसांत तो पिवळट, चिकट होतो आणि असा वास मारतो की नवखा माणूस फेकूनच देईल. मग लोणी आणि खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर हलवत राहायचं, म्हणजे मधासारखी लवचिक धार सुटते. वर शहाजिरे. मी ज्यांच्याकडचं देते त्यांच्यात रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं द्रव्य, नसतं, दूध नुसतं विरजलेलं. काकूंनी दोनदा मागून घेतलं.

पाचवं दुकान पायचं. एका मेनोनाइट कुटुंबाचं. त्यांच्याकडे दोन प्रकार असतात: छोटे टार्ट वनस्पती तुपातले, मोठे पाय लार्डमधले. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. माझ्या यादीत लिहिलेलं आहे, शाकाहारी पाहुण्याला टार्ट. नेहमी थोरली मुलगी असते, सतरा-अठरा वर्षांची, तिला मी आल्या आल्या सांगून ठेवते. त्या दिवशी गल्ल्यावर तिचा दहा-बारा वर्षांचा भाऊ होता. त्याने कागदी बशीत लहान लहान तुकडे पुढे केले आणि मी ते वाटले. विचारलं नाही. काकूंचं धमतरी ऐकण्यात मी गुंग होते.

आम्ही सफरचंदाच्या मुरंब्याच्या, म्हणजे ॲपल बटरच्या दुकानापाशी पोहोचलो, तेवढ्यात ती मुलगी गर्दीतून वाट काढत आली. हाताला पीठ, टोपीचे बंद सुटलेले. शनिवारी सकाळी दहाला, रांग लागलेली असताना, दुकान भावावर टाकून आली होती. म्हणाली, "भाऊ सांगतोय, तुमच्यातल्या साडीवाल्या बाईंनीही खाल्लं. टार्ट संपले होते. ते तुकडे मोठ्या पायचे होते. त्यात लार्ड आहे. मला वाईट वाटतं." आणि उलट पावली गेली.

मुलाने ऐकलं होतं. मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगू नका. आता सांगून काय उपयोग? पोटात गेलं ते गेलं. उगाच आजारी पडेल."

मी मान हलवली.

त्याचं म्हणणं मला पटलं होतं असं नाही. पण आई त्याची, आणि पैसे भरलेला पाहुणाही तोच. शिवाय चूक माझी, म्हणजे गप्प बसण्यात माझीही सोय होती. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा बोलले नाही. मी ॲपल बटरबद्दल बोलत राहिले. तांब्याची कढई, सफरचंदाचा रस, दिवसभर लाकडी पळीने ढवळणं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

काकू मात्र पायमध्येच अडकल्या होत्या. स्वयंपाकात आयुष्य घातलेली बाई, तिला ते कवच सुटेना. "काय खुसखुशीत होतं गं! चिरोट्यासारखे पदर. आमच्या करंजीला इतके सुटत नाहीत. मोहन कशाचं होतं त्यात? तुपाचं की तेलाचं?"

लार्डचं मोहन पिठात पूर्ण मिसळत नाहीत. थंड पिठात वाटाण्याएवढे गोळे ठेवतात. भट्टीत ते सावकाश वितळतात, आणि ते होते तिथे पोकळी राहते. तेच पदर. हे मी शंभर वेळा सांगितलंय. मुलगा माझ्याकडे बघत होता. 'तुपाचं' हा एक शब्द पुरला असता.

"काकू, डुकराच्या चरबीचं होतं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

त्यांनी पदर ओठांवर धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"आत्ता, इथे आल्यावर. पंधरा मिनिटं झाली."

"ती पोरगी आली होती ती हेच सांगायला?"

"हो."

"ती बिचारी दुकान सोडून धावत आली. आणि तुला माझ्याशी मराठीत बोलता येत नव्हतं?"

बाहेरच्या नळावर त्यांनी चूळ भरली, पुन्हा पुन्हा, मोजून सात-आठ वेळा. मी बाटली घेऊन उभी राहिले, ती त्यांनी घेतली नाही. मुलगा माझ्यावर चिडला होता, सुनेच्या डोळ्यांत पाणी. काकू घोड्यांच्या शेडजवळ बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा, तुझी माणसं खोळंबलीत." मी गेले. उरलेल्या एका दुकानावर काय बोलले ते आठवत नाही. परत आले तर बाक रिकामा होता.

तक्रार आली, ती मुलाची. आमच्या मालकांनी तिघांचे पैसे परत केले, ते योग्यच झालं. मला म्हणाले, चूक सगळ्यांच्या हातून होते, पण सांगायची काय गरज होती, कोणाला कळलं असतं? ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न चुकून दिलेल्या तुकड्याचा होता आणि तो मिटला. आता फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे की घटकांची खात्री देता येणार नाही. मला ती ओळ आवडत नाही. खात्री देता येते. सकाळी लवकर येऊन सात दुकानांवर विचारावं लागतं, इतकंच. आता मी वहीत तारीख घालून लिहून घेते, गल्ल्यावर कोण आहे त्यासकट.

पुढच्या गुरुवारी बाजार उघडताच मी पायच्या दुकानावर गेले. मुलगी टार्ट मांडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "त्या बाईंना सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढचा ट्रे ओढला. कधी सांगितलं, ते तिने विचारलं नाही.