स्वर्ल मार्क, चार बाटल्या आणि बॉनेटवरचा एक चौकोन

गाडीच्या रंगावरचे स्वर्ल मार्क, म्हणजे उन्हात जाळ्यासारखे दिसणारे बारीक चरे, काढायला संयम लागतो, असं सगळे सांगतात. माझ्याकडे संयम भरपूर होता. तरीही चार शनिवार बॉनेटवरच्या हातभर चौकोनात गेले आणि चौकोन होता तसाच राहिला. त्या चार शनिवारांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

गाडी काळी, सहा वर्षं जुनी. सावलीत बरी दिसायची. ऊन पडलं की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. हे चरे खरं तर गोल नसतात. बारीक, जवळजवळ सरळ ओरखडे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. त्यातले प्रकाशाच्या वाटेला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल दिसतो. टॉर्च सरकवला की गोलही सरकतो. आणि ते पडतात कशाने? मी बरेच दिवस गाडी धुणाऱ्यांना नावं ठेवत होतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने बॉनेटवरची धूळ पुसणारा मात्र मीच होतो.

धुणं, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) फिरवणं, कडांना आणि काळ्या प्लॅस्टिकला टेप लावणं हे सगळं एका सकाळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टेप मात्र टाळू नका. वाळलेलं पांढरं पॉलिश खरखरीत काळ्या प्लॅस्टिकमधून काढताना जेवढा वेळ जातो त्यात एक दरवाजा होतो.

रंगाची जाडी मोजणारं मीटर एका मित्राकडून आणलं. बॉनेटवर आकडा ११० ते १२० मायक्रॉनच्या मध्ये येत होता. तो ऐकून हुरळू नका. साधं मीटर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असं सगळं मिळून मोजतं. त्यात क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिश करणं म्हणजे हाच थर थोडा घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. चरा "भरून निघत" नाही, त्याच्या आजूबाजूचं सपाट होतं. त्यामुळे नख अडकेल असा खोल ओरखडा सोडून द्यायचा. तो पूर्ण काढायला गेलात तर उन्हापासून रंगाला वाचवणारा थरच जायचा.

आता निवडीकडे येतो, कारण माझी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली. पहिली बाटली मी "स्वर्ल मार्क घालवते" एवढंच वाचून घेतली. हाताने लावली, पुसली, जाळं गायब. मी खूश. दोनदा गाडी धुतली आणि जाळं परत आलं. त्या बाटलीत घासणारं काही जवळजवळ नव्हतंच. चऱ्यांमध्ये बसून त्यांना लपवणारी तेलं आणि फिलर होते. अशा मालाला ग्लेझ म्हणतात. विक्रीला न्यायच्या गाडीला हे लावतात, असं नंतर कळलं. तेव्हापासून सवय लावून घेतली: कुठलंही पॉलिश करून झालं की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची, मगच टॉर्च मारायचा. तेल निघून गेल्यावर जे दिसतं ते खरं. फक्त पुसताना मायक्रोफायबर मऊ हवं आणि जागा चांगली ओली हवी, नाहीतर पुसण्यानेच नवे चरे.

मग रीतसर पॉलिश करायचं मशीन घेतलं. ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे सगळे ज्याला डीए म्हणतात ते. १५ मिलिमीटर थ्रोचं (हेलकाव्याचा व्यास), पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी). रोटरी घेतलं नाही, कारण रोटरी एकाच जागी गरगर फिरतं, उष्णता पटकन वाढते आणि नवख्या हाताने रंग जाळण्याची भीती जास्त. डीएचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय छोट्या वर्तुळात हेलकावेही खातं, त्यामुळे चूक पोटात घालतं. हा निर्णय बरोबर होता, पण त्याच "पोटात घालण्याने" मला फसवलं. ते पुढे.

बाटल्यांवरचे आकडे. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी आहे, एवढं आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मेन्झर्नाचं ४०० हे जोरात कापणारं, म्हणजे थर जास्त घासणारं कंपाउंड, २५०० मधलं आणि ३८०० शेवटची चमक आणणारं. म्हणजे आकडा वाढला की बारीक. कॉख केमीचं नेमकं उलट: एच ९ जड, एफ ६ मधलं, एम ३ बारीक. दोघांची पद्धत आपापल्या घरात चोख आहे. मी मात्र एकाचा आकडा दुसऱ्याच्या पट्टीवर लावत होतो. पॅडच्या रंगांची तर आणखी मजा. पिवळं पॅड लेक कंट्रीकडे कापण्यासाठी, मेग्वायर्सकडे मधल्या पॉलिशसाठी आणि रूपेसकडे बारीक कामासाठी. कुणी "पिवळं पॅड लाव" म्हणालं तर आधी कुणाचं पिवळं ते विचारा.

तर बॉनेटच्या मधोमध टेप लावून एक चौकोन आखला. नियम साधा: सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात करायची, नाही जमलं तर एक पायरी वर. पहिल्या शनिवारी बारीक पॉलिश आणि मऊ फोम. काही नाही. अपेक्षितच होतं. दुसऱ्या शनिवारी मधलं पॉलिश, मधलं फोम. चमक थोडी आली, जाळं तसंच. मी हात दाबून पाहिला. आणखी दाबलं. दोन्ही तळहात मशीनवर टेकवून, अंगाचं वजन टाकून चार फेऱ्या. पुसलं, टॉर्च मारला, जाळं माझ्याकडे बघत होतं.

तिसऱ्या शनिवारी जड कंपाउंड आणलं. कापतं म्हणजे कापतंच, असा त्याचा लौकिक. तेही त्याच मधल्या पॅडवर. चऱ्यांच्या कडा किंचित बोथट झाल्या, एवढंच. शिवाय जागा गरम आणि वर धुकं चढल्यासारखी झाक. चौथ्या शनिवारी दुसऱ्या कंपनीचं जड कंपाउंड. तीच गत. एव्हाना माझा सिद्धांत तयार होता: माझ्या गाडीचा क्लिअर कोट भलताच कडक आहे. कडक आणि मऊ रंग असतात हे खरं, त्यामुळे सिद्धांताला वजनही होतं. रोटरी आणि लोकरीचं पॅड घ्यायचं मनात पक्कं केलं. ते घेतलं असतं तर जाळ्याच्या जागी रोटरीच्या फेऱ्यांचे पट्टे, म्हणजे होलोग्राम, आले असते आणि मी तेही रंगाच्याच माथी मारले असते.

पण आधी तक्रार करायची होती. शेवटची बाटली ज्यांच्याकडून घेतली त्यांना दाखवायला व्हिडिओ काढायचा ठरवला. मेहुणा फोन धरून उभा. "दाजी, कॅमेऱ्याकडे नका बघू, काम करा," असं दोनदा म्हणाला. मी तोंड वाकडं करून, दात-ओठ खात चार फेऱ्या मारल्या. रात्री ते चित्रण बघायला बसलो. माझा चेहरा बघवत नव्हता म्हणून पॅडकडे बघत होतो. पॅडच्या कडेला कंपाउंडचा एक पांढरा डाग होता. मी मशीन डावीकडून उजवीकडे नेलं, परत आणलं, आणि डाग आपला माझ्या अंगठ्याच्या बाजूलाच. चार फेऱ्या. तिथेच.

पॅड फिरतच नव्हतं. नुसतं थरथरत होतं.

अर्थात व्हिडिओत फिरतं चाकही कधीकधी थांबलेलं दिसतं, त्यामुळे मी लगेच मान्य केलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ ओढली. मशीन हलकं टेकवलं: रेघ फिरताना स्पष्ट कळते. दाबलं: रेघ मंद झाली, थांबली. आवाज तोच, हातातली थरथर तीच! हेलकावे मोटर देते, ते कधी थांबत नाहीत; पण साध्या डीएमध्ये स्वतःभोवतीचं फिरणं मोकळं सोडलेलं असतं, बेअरिंगवर आणि जडत्वावर. दाब जास्त झाला, मशीन तिरकं धरलं, पृष्ठभाग वळणाचा आला किंवा पॅड पॉलिशने भिजून जड झालं की ते थांबतं. मग कितीही तिखट कंपाउंड लावा, ते तिथल्या तिथे हलतं. मी सगळ्या चुका एकदम करत होतो. पॅड जाड, तीन शनिवार तेच, कधी न झाडलेलं, वेगाचा खटका सहापैकी तीनवर, आणि वर माझं वजन. जितका राग, तितका दाब. जितका दाब, तितकं कमी फिरणं. आणि डीए बिचारं चूक पोटात घालत राहिलं. रंग जाळून त्याने मला जागं केलं नाही. तक्रारीचा अर्धा लिहिलेला मजकूर मी गुपचूप पुसून टाकला.

त्याच दिवशी पातळ, स्वच्छ फोम पॅड लावलं. खटका पाचवर. पॅडवर आधी पॉलिश सगळीकडे पातळ चोळून घेतलं, मग वाटाण्याएवढे चार थेंब. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर हाताचा जरासा भार, रेघ फिरताना दिसेल इतकाच. सरकवायचा वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. कंटाळा येईल इतका हळू. आधी आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. पॉलिश कुठलं? दुसऱ्या शनिवारी "कुचकामी" म्हणून कपाटात टाकलेलं मधलं. पुसलं, अल्कोहोल मारलं, टॉर्च धरला. टेपच्या आत काळं पाणी, बाहेर जाळं. मी मेहुण्याला फोन केला. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही.

म्हणजे बाटली कधीच चुकीची नव्हती. चारांतल्या दोन बाटल्या आजही सीलबंद असल्यागत पडून आहेत. त्यामुळे कुणी विचारलं तर सांगतो, दोन पॉलिश पुरे, एक मधलं आणि एक बारीक, आणि उरलेलं सगळं पॅडवर घाला. एका गाडीला मधल्या प्रकारची निदान पाच-सहा पॅड हवीत. दर चौकोनानंतर मशीन चालू ठेवून पॅड ब्रशने झाडायचं, ओलं जड झालं की बदलायचं. घासून निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश पॅडमध्येच साचतं आणि तेच परत रंगावर फिरतं.

त्यानंतर अख्खी गाडी दोन दिवसांत झाली. एका दरवाजावर मीटरने जवळजवळ दुप्पट आकडा दाखवला, म्हणजे तो कधीतरी परत रंगवलेला. तिथे एक चौकोन नव्याने करून पाहिला, रंग बराच मऊ निघाला आणि बारीक पॉलिशनेच काम भागलं. प्लॅस्टिकच्या बंपरवर एका जागी जास्त वेळ थांबू नका, पत्र्यासारखी त्यातून उष्णता पसरत नाही. पत्र्याच्या धारदार कडांवर तर रंगच पातळ असतो, तिथे टेप असू द्या. तिसऱ्या शनिवारच्या त्या धुक्याबद्दल सांगायचं राहिलं: जड कंपाउंडने, विशेषतः काळ्या रंगावर, अशी झाक बऱ्याचदा येते. ती बारीक पॉलिश आणि मऊ फोमने दोन फेऱ्यांत जाते, घाबरायचं कारण नाही.

खिडक्यांमधल्या खांबांसाठी तीन इंची प्लेट आणि छोटं पॅड घेतलं. मोठं पॅड तिथे अर्धं हवेत राहतं आणि पुन्हा थांबतं. रेघ त्या प्लेटवरही मारली आहे.

आता धुताना दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खंगाळायची. पुसायचं मायक्रोफायबर वरून अलगद टेकवून पाणी टिपायचं. जमिनीवर पडलेलं कापड कितीही झटकलं तरी रंगाला लावायचं नाही, ते चाकांसाठी. कोरडं फडकं मी डिकीतून काढून फेकून दिलं.

दरवाज्यांच्या हँडलमागच्या वाट्यांमध्ये नखांचे चरे आहेत. तिथे कुठलंच मशीन जात नाही. हाताने, बोटाला फोमचा तुकडा गुंडाळून केलं, निम्मे गेले. चारपैकी एका दरवाजाचं अजून केलेलंच नाही.