तीन टॉर, चाळीस वर्षे

अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाला आमच्या व्यवसायात कोणी कचरा म्हणत नाही. ‘वापरलेले इंधन’ म्हणायचे असा शिरस्ता आहे. 2018 च्या वसंतात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील एका शाळेच्या सभागृहात मला उभे करण्यापूर्वी आमच्या जनसंपर्क विभागाने हा शब्द दोनदा अधोरेखित करून, गावकरी विचारतील अशा एकेचाळीस प्रश्नांची उत्तरे हातात ठेवली होती. तो प्रकल्प आता बारगळला आहे. त्या संध्याकाळचा एक कागद मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कार्ल्सबाड आणि हॉब्ज या दोन गावांच्या मधल्या सुमारे हजार एकर माळावर देशभरच्या अणुवीजकेंद्रांतील वापरलेले इंधन रेल्वेने आणून ठेवण्याची ती योजना होती. पहिल्या टप्प्यात 500 कॅनिस्टर (इंधन ठेवून झाकण वेल्ड केलेली पोलादी पिंपे), म्हणजे 8,680 टन इंधन, आणि पुढे 10,000 कॅनिस्टरपर्यंत वाढ. परवाना 40 वर्षांचा. न्यू मेक्सिकोत स्वतःचे एकही अणुवीजकेंद्र नाही, ही गोष्ट आमच्या एकाही फलकावर नव्हती.

माझ्याकडे कॅनिस्टरची उभी कापलेली प्रतिकृती होती, आणि तिच्याविषयी मी तासभर बोलू शकते, कारण खरे कॅनिस्टर मी भरून घेतलेले आहेत. इंधन पाण्याच्या तलावात काही वर्षे निवल्यावर ते पाण्याखालीच कॅनिस्टरमध्ये उतरवतात, झाकण वेल्ड करतात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते ती आतले पाणी काढण्याची. पंप लावून दाब 3 टॉरच्या खाली आणायचा (बाहेरच्या हवेचा दाब 760 असतो), झडप बंद करायची आणि तीस मिनिटे आकड्याकडे पाहत बसायचे. कुठे चमचाभर पाणी लपलेले असेल तर त्याची वाफ होते आणि आकडा हळूच चढू लागतो; मग पुन्हा पहिल्यापासून. पहाटे तीन वाजता, दिवसभराच्या पाळीनंतर, 2.6 वरून 2.7 वर गेलेला आकडा पाहताना माणसाची जी अवस्था होते, ती कार्यालयात बसून अहवाल लिहिणाऱ्यांना कधी कळणार नाही. त्यानंतर आत हेलियम भरतात, कारण तो उष्णता चांगली वाहून नेतो आणि इंधनाच्या नळ्या गंजू देत नाही. पुढे पंखा नाही, पंप नाही. बाहेरची हवा बंद कॅनिस्टरभोवतीच्या मोकळ्या जागेत शिरते, तापते आणि वर निघून जाते.

त्या सभेत मला सर्वांत चांगला प्रश्न एका गुरे पाळणाऱ्या म्हाताऱ्याने विचारला. हवेच्या वाटांपाशी वाकून तो म्हणाला, “वाऱ्याने लोळत येणारी काटेरी झुडपे आमच्या कुंपणापाशी पुरुषभर उंच साचतात. ती इथे साचली तर?” मला मनापासून आनंद झाला, कारण वाटा बुजल्या तर तापमान किती वेगाने चढते, ते मर्यादेपर्यंत जायला किती अवधी मिळतो आणि म्हणून रोज पाहणी का करावी लागते, हे गणित मी स्वतः केले होते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान डोलावली. हे लोक किरणोत्सर्गाला घाबरून विरोध करतात, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. वास्तविक त्यांचे निम्मे प्रश्न आमच्या एकेचाळीस प्रश्नांहून सरस होते. तिथून जवळच, मिठाच्या थरात 655 मीटर खोल, लष्करी अणुकचऱ्याचे सरकारी कोठार आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथले एक पिंप फुटले, कारण ते भरताना द्रव शोषण्यासाठी मांजराच्या विष्ठापात्रात घालतात ती मातीची खडी न घेता गव्हापासून केलेली घेतली गेली होती. कोठार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. हे गावातल्या पोरांनाही माहीत होते, आणि आमचा कागद सांगत होता की त्याचा या प्रकल्पाशी संबंध नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते.

मध्येच स्पॅनिश दुभाषी बाईंनी मला बाजूला घेतले. ‘तात्पुरती’ साठवण याला कोणता शब्द वापरू, असे त्या विचारत होत्या. त्यांच्या ओठांवर आलेला ‘तेंपोराल’ हा शब्द त्या हंगामी मजुरांसाठीही वापरत. किती काळ, ते सांगितले तर बरे पडेल, असे त्या म्हणाल्या. मी चाळीस वर्षे म्हटले, आणि परवाना वाढवता येतो असेही म्हटले. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिले.

निघताना म्हाताऱ्याने दुसरा प्रश्न विचारला. “चाळीस वर्षांनी हे उचलायला कोण येणार?” मी कागदावरचे उत्तर दिले: कायद्याने कायमस्वरूपी जागेची जबाबदारी केंद्र सरकारवर आहे. “त्याच कायद्याने 1998 पासून उचलायला सुरुवात होणार होती ना?” त्याला तारीखही पाठ होती, 31 जानेवारी. ती कायमची जागा जिथे व्हायची, त्या नेवाडातल्या यक्का डोंगराचे काम पैसे थांबल्यामुळे केव्हाच बंद पडले होते, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. माझी नोकरी तारापूरला सुरू झाली. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे अमेरिकी इंधन परत न्यायचे की त्यावर पुनर्प्रक्रिया होऊ द्यायची, यावर दोन सरकारांचे वर्षानुवर्षे जमले नाही आणि ते तिथेच राहिले. तात्पुरते म्हणजे काय, हे मला त्या सभागृहात कुणाहीपेक्षा चांगले कळत होते. मी कागदावरचे उत्तर पुन्हा वाचले.

त्याने अभिप्रायाचा अर्ज घेतला, वर छापलेल्या प्रकल्पाच्या नावातील ‘तात्पुरती’ हा एकच शब्द पेनाने खोडला, बाकी काहीही न लिहिता अर्ज पेटीत टाकला आणि टोपी घालून निघून गेला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. एडी आणि ली या दोन काउंट्या नोकऱ्यांसाठी प्रकल्पाच्या बाजूने, राज्यपाल मिशेल लुहान ग्रिशम विरोधात. मार्च 2023 मध्ये राज्याने कायदा केला की राज्याची संमती मिळून कायमची जागाही सुरू झाल्याशिवाय असली साठवण होणार नाही. दोनच महिन्यांनी केंद्रीय अणु नियामक आयोगाने परवाना दिला. न्यायालयांत दोन वर्षे गेली, जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या तशाच प्रकल्पाच्या खटल्यात आयोगाच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी कंपनीने न्यू मेक्सिकोतून अंग काढून घेतले. इंधन जिथे होते तिथेच आहे.

त्या रात्री मोटेलच्या खोलीत आम्ही तिघांनी अर्जांचे गठ्ठे केले: बाजूने, विरोधात, प्रश्न. तो अर्ज हातात आल्यावर माझा सहकारी म्हणाला, “हा कोराच आहे,” आणि त्याने तो टेबलाखालच्या टोपलीत टाकला. तो कोरा नाही, हे सांगायला मी तोंड उघडले होते. पण अहवाल सकाळी आठला द्यायचा होता, आणि मी पुढचा अर्ज उचलला.