रिकामा बसलेला कॉम्प्युटर आणि ९४ वॉट

आजची सुट्टी एका आकड्यामागे गेली. मी स्वतः जोडलेला डेस्कटॉप, समोर एकही प्रोग्रॅम उघडा नाही, आणि सॉकेटला लावलेला मीटर दाखवतोय ९४ वॉट! माझा अंदाज पन्नाशीच्या आसपासचा होता.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम १ टक्का. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सी-स्टेट्स बंद सापडले. ते बंद असले की काम नसतानाही प्रोसेसर नीट झोपत नाही. चालू केले, ८ वॉट कमी झाले. जुनी हार्ड डिस्क काढली, आणखी ५. तरी ८१ उरलेच.

मग ग्राफिक्स कार्डाकडे वळलो. त्याच्या मेमरीचा क्लॉक नुसत्या डेस्कटॉपवर पूर्ण वेगाने धावत होता. माझे दोन मॉनिटर आहेत, एक १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, दुसरा ६० चा. स्क्रीनवरचं एक चित्र संपून पुढचं सुरू होण्याआधी निमिषभर उसंत असते, मेमरीचा वेग तेव्हाच बदलता येतो. दोन स्क्रीनच्या उसंती जुळल्या नाहीत की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेग खाली आणतच नाही. किती सुंदर कारण आहे हे!

१४४ चा मॉनिटर १२० वर आणला, ६० च्या बरोबर दुप्पट, म्हणजे उसंती जुळाव्यात. स्क्रीन क्षणभर काळी झाली, परत आली. मीटरवर ७९... ६६... ५४. तिथेच स्थिर. मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली.

मीटर अजून काढलेला नाही. आता स्लीपमध्ये टाकून ठेवतो, सकाळी बघतो किती ओढतोय.